डीह्युमिडिफायर चालू, तरी माल सादळतो आणि बिल वाढतं? या चुका टाळा

मागच्या जुलैत भिवंडीतल्या एका कापडाच्या गोदामातून फोन आला. दोन डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारी मशीन) दिवसरात्र चालू, विजेचं बिल जवळजवळ दुप्पट, आणि तरी खालच्या थरातल्या खोक्यांना कुबट वास. "तिसरं मशीन घेऊन टाकू का?" सुपरवायझरने विचारलं. जाऊन पाहिलं तर दोन्ही मशीन ठणठणीत. सकाळी गाडी लागली की वर गेलेलं शटर संध्याकाळीच खाली येत होतं, आणि "हवा खेळती राहावी" म्हणून भिंतीतले दोन एक्झॉस्ट फॅन दिवसभर फिरत होते.

कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात याच्याइतकी महाग पडणारी दुसरी चूक मी पाहिलेली नाही.

हिशेब करून बघू. बाहेर 28 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत साधारण 23 ग्रॅम पाणी असतं. त्याच तापमानाला आत 55 टक्के ठेवायचे तर 15 ग्रॅम चालतं. म्हणजे बाहेरून आलेला प्रत्येक घनमीटर आपल्याला 8 ग्रॅम पाणी आणून देतो. 100 चौरस मीटरचं, 3 मीटर उंचीचं गोदाम धरा. दर तासाला आतली हवा एकदा बदलत असेल, तर दिवसाला जवळपास 58 लिटर पाणी आत येतं. दिसत नाही, पण येतं. एक लिटर काढायला साधारण 0.6 युनिट लागतात असं धरलं, तर दिवसाला 35 युनिट. युनिटमागे 15 रुपये धरून 525 रुपये, महिन्याला पंधरा हजारांच्या वर. (स्वतःचा खरा दर काढायचा असेल तर बिलाच्या एकूण रकमेला युनिटने भागा. छापलेल्या दरात वहन आकार, वीज शुल्क वगैरे धरलेलं नसतं.) आता त्याच गोदामात हवा चार तासांतून एकदाच बदलेल इतकी भोकं बुजवली, तर खर्च महिन्याला चार हजारांच्या आत येतो. मशीन तेच, फक्त दार बंद.

म्हणून तिसरं मशीन घेण्याआधी शटरखाली रबरपट्टी लावा, पत्रा आणि भिंत यांच्यामधली फट बुजवा, दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा टाका, आणि पावसाळ्यात एक्झॉस्ट बंद ठेवा. माणसं सतत काम करत असतील तिथे ताजी हवा हवीच, पण ती गरजेपुरती, ठरावीक वेळ. भिवंडीत आम्ही एवढंच केलं. माल उतरवून झाला की शटर खाली, हा नियम हमालांच्या अंगवळणी पडायला मात्र दोन आठवडे लागले.

आतल्या आत तयार होणारं पाणीही विसरू नका. ओली ताडपत्री गुंडाळून कोपऱ्यात ठेवणं, पावसात भिजलेली खोकी तशीच थरात लावणं, संध्याकाळी पाणी ओतून फरशी पुसणं. फरशीवर राहिलेलं बादलीभर पाणी मशीनलाच काढावं लागतं, आणि त्याचे पैसे तुमच्याच मीटरवर पडतात.

आकडा कमी तितकं चांगलं, असं नसतं

पुष्कळ ठिकाणी मशीन 40 किंवा 45 टक्क्यांवर लावलेलं दिसतं. कापड, कागद, पुठ्ठा, लाकूड यांना 55 ते 60 टक्के पुरतात. बुरशीला साधारण 65 ते 70 टक्क्यांच्या पुढेच जोर चढतो. 55 वरून 45 वर आणलं तर वरच्या हिशेबात काढायचं पाणी सुमारे तिसऱ्या हिश्श्याने वाढतं. शिवाय हवा जितकी कोरडी, तितकं प्रत्येक लिटरमागे मशीनला जास्त राबावं लागतं. गार नळ्यांच्या कॉइलवर हवेतलं पाणी धरणारी मशीन 45 च्या खाली धापा टाकतात. तिथे आकडा गाठलाच जात नाही, मग मशीन थांबतच नाही. औषधांच्या काही मालाला खरोखर कमी आर्द्रता लागते. ती पाकिटावरच्या सूचनेवरून ठरवा, अंदाजाने नको.

आणि तो आकडा दाखवणारा मीटर तरी खरा आहे का? स्वस्त मीटर पाच टक्के इकडेतिकडे सहज दाखवतात. घरच्या घरी तपासता येतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओलसर होईल एवढंच पाणी घाला (विरघळू देऊ नका), आणि मीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी मीटरने 75 दाखवायला हवं. 70 दाखवत असेल, तर तुमचे 60 म्हणजे खरे 65 समजा. मीटर मशीनच्या तोंडाशी टांगू नका. तिथली हवा नेहमीच कोरडी. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, मालाच्या खालच्या थराजवळ ठेवा.

एसी आणि डीह्युमिडिफायरची झटापट

हे दुकानांत आणि ऑफिसांत फार होतं. डीह्युमिडिफायर हवा थंड करत नाही, उलट तापवतो. एक लिटर वाफेचं पाणी होताना सुमारे 0.68 युनिटएवढी उष्णता बाहेर पडते, त्यात मशीनने खाल्लेले 0.6 युनिट मिळवा. ही सगळी उष्णता त्याच खोलीत सुटते आणि ती एसीला बाहेर फेकावी लागते. चांगल्या एसीलाही त्यासाठी 0.4 युनिटच्या आसपास लागतात. म्हणजे लिटरमागे 0.6 नाही, 1 युनिट. एसी असलेल्या खोलीत आधी एसीकडूनच पाणी काढून घ्या. गरजेपेक्षा मोठा एसी बसवला असेल तर तो खोली पटकन गार करून बंद पडतो, आणि पाणी हवेतच राहतं. अशा वेळी पंखा कमी वेगावर ठेवा, ड्राय मोड वापरून बघा. तरीही आकडा 60 च्या वर राहिला तरच डीह्युमिडिफायर. खोली 18 अंशांपर्यंत गार ठेवली तर डीह्युमिडिफायरच्या कॉइलवर बर्फ धरू लागतो, मग वीज खर्च होत राहते आणि पाणी येत नाही.

"50 लिटरचं मशीन आहे, पण बादलीत 25 च येतं" ही तक्रार नेहमीची. बरेचदा तो बिघाड नसतो. अनेक मशीनवर छापलेली क्षमता 30 अंश आणि 80 टक्क्यांवर मोजलेली असते. तुमची खोली 60 टक्क्यांवर आली की तेच मशीन निम्म्याच्या आसपास पाणी देतं. घेताना हे विचारा, नाहीतर दुकानदार मोठा आकडा दाखवतो आणि आपण फसतो.

खरा बिघाड ओळखायचा तर पाणी आणि युनिट दोन्ही मोजा. काही शे रुपयांचा प्लगचा सबमीटर लावा, रात्री शटर बंद करून मशीन चालवा, सकाळी बादली मोजा. युनिटमागे दीड ते अडीच लिटर येत असेल तर मशीन चांगलं आहे, पाणी कुठून येतंय ते शोधा. खोलीत चांगला दमटपणा असूनही एका लिटरच्या खाली येत असेल, तर आधी फिल्टर काढून धुवा. कापडाच्या गोदामात धाग्यांच्या कचऱ्याने तो पंधरा दिवसांत गच्च होतो. मग कॉइल बघा, बर्फ किंवा मळ आहे का. मशीनची पाठ भिंतीला चिकटवली आहे का, तेही बघा. हे सगळं ठीक असूनही पाणी येत नसेल तर गॅस गळत असू शकतो, मेकॅनिकला बोलवा.

पंखा सतत चालू ठेवण्याचं बटण असेल तर ते बंद करा. कंप्रेसर थांबल्यावर कॉइलवरचं पाणी पंखा पुन्हा हवेत उडवतो, आणि तेच पाणी दुसऱ्यांदा विकत काढावं लागतं. ड्रेन पाइपला उतार द्या. रविवारी बादली भरून मशीन बंद पडलं, की सोमवारी गोदाम ओलं.

रात्री मशीन बंद ठेवावं का, असं बरेच जण विचारतात. थोडे युनिट वाचतात हे खरं. पण कापड आणि पुठ्ठा रात्रभर ओल पितात आणि सकाळी मशीन ती ओल उपसत बसतं. बंद करण्यापेक्षा रात्री आकडा 60 वर न्या.

ऑक्टोबर सरता सरता मात्र एक दिवस मीटर बाहेर नेऊन ठेवा. आतलं आणि बाहेरचं तापमान सारखं असताना बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला, की मशीनचा प्लग काढा, शटर वर करा, एक्झॉस्ट लावा. पावसाळाभर जी हवा बाहेर ठेवली, तीच आता फुकटात गोदाम सुकवते.