हॅलोविनला या चुका टाळा: खाऊ तपासताय, रस्त्याचं काय?

31 ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, अमेरिकेत मुलं वेगवेगळी सोंगं घेऊन घरोघर खाऊ मागत फिरतात. तिथे नव्याने आलेल्या मराठी आईबाबांना तेव्हा एकच धास्ती असते: अनोळखी घरून मिळालेल्या खाऊत कुणी काही घातलं असेल तर? पोरं घरी आली की पिशवी ओतून एकेक चॉकलेट निरखलं जातं. जरूर निरखा, फाटक्या वेष्टनाचं फेकून द्या. पण डेलावेअर विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी अनेक वर्षं अशा बातम्यांचा माग काढला, आणि अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याची एकही खात्रीशीर घटना त्यांना सापडली नाही. 1974 साली टेक्ससमध्ये सायनाइडने एक मुलगा गेला, पण तो खाऊ त्याच्या सख्ख्या बापानेच विम्याच्या पैशांसाठी दिला होता.

मुलांच्या जिवावर बेततं ते रस्त्यावर. 1975 ते 2016 या काळातल्या अपघातांच्या अभ्यासात हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आसपासच्या संध्याकाळींपेक्षा 43 टक्के जास्त आढळला. 4 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी तो जवळजवळ दहापट होता. सर्वांत वाईट वेळ सहाच्या सुमाराची: अंधारून येतं, लोक ऑफिसातून परतत असतात आणि मुलं नुकतीच बाहेर पडलेली असतात.

आणि नेमक्या त्या वेळी आपण मुलाला काळ्या कपड्यांत, डोळ्यांवर घसरणारा मुखवटा लावून सोडतो! मुखवट्याऐवजी चेहरा रंगवा. पाठीवर आणि पिशवीवर चमकणारी पट्टी चिकटवा, झगा घोट्याच्या वर ठेवा. समोरच्या घरी मोठं चॉकलेट मिळतं म्हणून मुलं दोन उभ्या गाड्यांमधून धावत सुटतात. त्यामुळे रस्त्याची एक बाजू पूर्ण करा, कोपऱ्यावर ओलांडा, मग दुसरी. थंडीमुळे गाडीतून घरोघर फिरणारेही असतात. त्याने गल्लीत गाड्याच वाढतात.

आपल्या घरांचा एक वेगळा प्रश्न आहे. पोर्चचा दिवा चालू म्हणजे ‘या, इथे खाऊ मिळेल’ असा तिथला संकेत. 2024 साली दिवाळी आणि हॅलोविन एकत्रच आले. दाराशी आकाशकंदील, पायऱ्यांवर पणत्या, आणि त्याच पायऱ्या चढणारी पॉलिस्टरचे झगे घातलेली मुलं. झग्याच्या टोकाला ज्योत लागायला क्षणही पुरतो. वर्दळ थांबेपर्यंत पायऱ्यांवर बॅटरीच्या पणत्या ठेवा, तेलाच्या आत देवापाशी लावा. फुलबाज्याही मुलांनी झगे उतरवल्यावरच, आणि आधी आपल्या राज्याचे नियम पाहून.

खाऊ तपासताना भिंगातून बघायचंच असेल तर घटकांची यादी बघा. शेंगदाणे आणि बदाम अनेक चॉकलेटांत असतात, आणि छोट्या आकाराच्या चॉकलेटातले घटक मोठ्यापेक्षा वेगळे असू शकतात. ॲलर्जी असलेल्या मुलाला वाटेत काहीही खाऊ देऊ नका, डॉक्टरांनी दिलेलं ॲलर्जीचं इंजेक्शन खिशात ठेवा. दाराशी निळसर-हिरवा भोपळा दिसला तर तिथे खाऊऐवजी खेळणी किंवा स्टिकर मिळतात. आपणही तसा भोपळा ठेवू शकतो. चार वर्षांखालच्या मुलाला कडक गोळ्या आणि अख्खे दाणे देऊच नका, घशात अडकतात. घरात कुत्रा असेल तर पिशवी उंचावर ठेवा, त्याला चॉकलेट विषारी असतं.