सागरी नकाशावरून खाडीतील त्सुनामीच्या उंचीचा अंदाज कसा बांधावा

जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर समुद्रात बुडालेल्या नदीखोऱ्यांच्या अरुंद खाड्या ओळीने लागतात, आणि एकाच त्सुनामीत शेजारच्या दोन खाड्यांतील पाण्याची उंची फार वेगळी असू शकते. हा फरक बऱ्याच अंशी तळाच्या आकारामुळे पडतो.

प्रथम खोलीचे आकडे दाखवणारा सागरी नकाशा घ्यावा. त्यातील खोली मोठ्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते, म्हणून भरतीच्या वेळेसाठी हिशेब करताना तेवढे पाणी मिळवावे. त्सुनामीचा वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो: ४००० मीटर खोलीवर तो ताशी सुमारे ७०० किलोमीटर असतो, तर १० मीटरवर ताशी सुमारे ३६ किलोमीटर उरतो. वेग घटला की लाटेची ऊर्जा कमी अंतरात दाटते आणि लाट उंचावते.

ही वाढ ग्रीनच्या नियमाने मोजता येते: लाटेची उंची खोलीच्या चौथ्या मुळाच्या आणि रुंदीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. खोली १६० मीटरवरून १० मीटरवर आली, म्हणजे सोळा पटींनी घटली, तर उंची दुप्पट होते. शिवाय खाडीची रुंदी एक चतुर्थांश झाली, तर उंची पुन्हा दुप्पट होते. मुखाबाहेरच्या समान खोलीच्या रेषाही पाहाव्यात, कारण पाण्याखालच्या डोंगरसोंडेवर लाटा एकवटतात आणि घळीवर त्या विखुरतात.

मात्र हा नियम तळ व रुंदी हळूहळू बदलत असतील तरच नीट लागू पडतो. लाटेची लांबी खाडीहून मोठी असेल, तर अनुनाद, म्हणजे येणाऱ्या लाटांचा ताल खाडीतील पाण्याच्या स्वाभाविक हेलकाव्याशी जुळतो का, हे तपासणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यासाठी खाडीच्या लांबीच्या चौपटीला सरासरी खोलीवरील लाटेच्या वेगाने भागावे. सहा किलोमीटर लांब आणि सरासरी २० मीटर खोल खाडीत वेग सेकंदाला १४ मीटर भरतो, म्हणून तिचा स्वाभाविक आवर्तनकाळ, म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याचा वेळ, सुमारे २९ मिनिटे येतो. येणाऱ्या लाटांचा काळ याच्या जवळ असेल, तर खाडीच्या टोकाला पाणी फार चढते. सानरिकूवरील ओफुनातो खाडीत १९३३ च्या, जवळच उगम पावलेल्या त्सुनामीची उंची आत जाताना घटली. उलट १९६० मध्ये चिलीहून आलेल्या दीर्घ आवर्तनाच्या लाटा टोकाकडे वाढत गेल्या.

त्यानंतर ओफुनातोच्या मुखाशी बांधलेला लाटरोधक बांध २०११ मध्ये उद्ध्वस्त झाला. असा बांध मुखच अरुंद करतो, म्हणून नकाशाच्या सर्वेक्षणाचे वर्ष पाहिल्याशिवाय हिशेब करू नये. शिवाय जमिनीच्या उतारावर पाणी या आकड्याहून वर चढू शकते, म्हणून सुरक्षित जागा ठरवण्यासाठी प्रशासनाचा पूरनकाशाच वापरावा.