आफ्रिकेच्या जुन्या इतिहासावर लिहिताना या चुका टाळा

प्रकल्पाची वही, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, व्याख्यानाचं टिपण, काहीही तपासायला घ्या, आफ्रिकेवरच्या त्याच त्या चुका पुन्हा भेटतात. काही नकाशा उघडला की सुटतात. एक मात्र मुळापासून उपटावी लागते.

आधी नकाशाच्या. प्राचीन घाना साम्राज्य आजच्या घाना देशात नव्हतं. सोनिंके लोकांचं ते राज्य कितीतरी वायव्येला, आजच्या मॉरिटानियाच्या आग्नेय भागात आणि मालीच्या पश्चिमेला पसरलेलं होतं. गोल्ड कोस्ट ही ब्रिटिश वसाहत १९५७ मध्ये स्वतंत्र झाली आणि तिने ते नाव घेतलं. बेनिनचंही तसंच. ज्या बेनिनची ओतीव शिल्पं जगभर गाजली, ते एडो लोकांचं राज्य आजच्या नायजेरियात होतं, आणि बेनिन सिटी आजही तिथेच आहे. शेजारच्या डाहोमीने बेनिन हे नाव १९७५ मध्ये धारण केलं. म्हणून राज्याचं नाव लिहिलं की कंसात आजचा देश लिहायची सवय लावून घ्या.

आता मुळावरची चूक: ‘एवढं मोठं काम स्थानिकांचं नसणार, कुणीतरी बाहेरून आलं असणार.’ ग्रेट झिंबाब्वे (आजचा झिंबाब्वे) या जुन्या दगडी नगराच्या वाट्याला हे शंभर वर्षं आलं. ग्रॅनाइटचे घडीव दगड, चुना नाही की गारा नाही, नुसते एकावर एक रचलेले. मोठ्या आवाराची बाहेरची भिंत सुमारे २५० मीटर लांब आणि काही जागी ११ मीटर उंच. १८७१ मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तिथे पोचला. दारावरच्या तुळईचं लाकूड त्याला आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखं वाटलं. म्हणजे हे देवदार, म्हणजे लेबनॉनहून आणलेलं, म्हणजे हा बायबलमधल्या शेबाच्या राणीचा वाडा, अशी साखळी त्याने जोडली. पुढे १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हर यांनी आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खनन करून हे बांधकाम आफ्रिकी लोकांचंच असल्याचं दाखवून दिलं. ११ व्या ते १५ व्या शतकात आजच्या शोना लोकांच्या पूर्वजांनी ते उभारलं. तरीही ऱ्होडेशियाच्या (झिंबाब्वेचं तेव्हाचं नाव) गोऱ्या राजवटीला ते पचलं नाही. तिथे काम करणाऱ्या पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला १९७० मध्ये देश सोडावा लागला. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने याच भग्नावशेषांचं नाव का घेतलं, ते यावरून कळतं.

‘पण तिथे चिनी भांडी आणि भारतीय मणी सापडले ना?’ सापडले. सोन्याच्या बदल्यात समुद्रापलीकडून आलेला माल होता तो. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची रोमन बनावटीची मूर्ती मिळाली, म्हणून कोल्हापूर रोमनांनी वसवलं असं आपण लिहीत नाही. तोच न्याय इथे लावा.

इफेच्या शिल्पांवरही हाच अन्याय झाला. योरुबा लोकांच्या या नगरातली धातूची आणि भाजक्या मातीची मस्तकं इतकी जिवंत आहेत की समोरचा माणूस आत्ता बोलेल असं वाटतं. १९१० मध्ये लिओ फ्रोबेनियस या जर्मन संशोधकाने ती पाहिली आणि थेट दंतकथेतल्या बुडालेल्या अटलांटिस बेटाशी नातं जोडलं. हल्ली कुणी अटलांटिस म्हणत नाही, पण ‘आदिवासी कला’ असा शिक्का मारून शतक आणि नगर गाळलं जातं. मला हे तितकंच खटकतं. ही राजदरबारी कला आहे. ओळ लिहायची तर ‘इफे, नायजेरिया, साधारण १२ वं ते १५ वं शतक’ अशी लिहा.

बेनिनच्या शिल्पांबाबत दोन शब्द सांभाळा. पहिला ‘कांस्य’. नाव तसं रूढ असलं तरी बहुतेक काम पितळेचं आहे. मेणाची आकृती घडवायची, तिच्यावर माती लिंपायची, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा, अशी ही पद्धत. दुसरं क्रियापद. ही शिल्पं युरोपात ‘गेली’ किंवा ‘पोचली’ असं लिहू नका. फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन सिटी घेतली, राजवाडा लुटला आणि राजा ओबा ओव्होनरामवेन याला कॅलाबारला हद्दपार केलं. हजारो वस्तू लुटल्या गेल्या. तेच क्रियापद वापरा.

आणि मलिक अंबर. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणारा निजामशाहीचा हा कर्तबगार वजीर आपल्या लेखांत बहुधा गुलामांच्या बाजारातच जन्माला येतो. तो इथिओपियाचा. त्या देशाच्या उत्तरेला अक्सुमचं राज्य होतं. त्याची स्वतःची सोन्याची नाणी होती, गीझ लिपी होती आणि एझाना राजाने चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. अंबर त्या राज्यानंतर कित्येक शतकांनी आणि वेगळ्या भागात जन्मला, ते वेगळं लिहाच. पण ‘हबशी’ शब्दापुढे ‘गुलाम’ लिहून थांबण्याआधी त्याच्या देशासाठी दोन ओळी ठेवा.