नळाचे पाणी मत्स्यटाकीत घालण्यापूर्वी

नळाचे पाणी माणसाच्या पिण्यासाठी निर्जंतुक केलेले असते आणि नेमके त्यामुळेच ते माशांना सोसत नाही. त्यातले क्लोरीन माशांच्या नाजूक कल्ल्यांना इजा करते, शिवाय फिल्टरच्या स्पंजात वाढलेले, अमोनियाचा निचरा करणारे उपयुक्त जिवाणूही मारते.

‘पाणी दिवसभर बादलीत ठेवले की काम झाले’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला अर्धाच खरा आहे. रुंद तोंडाच्या बादलीत एअरस्टोन, म्हणजे पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा सच्छिद्र दगड, सोडून ठेवल्यास साधे क्लोरीन साधारण एका दिवसात उडून जाते. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग, मात्र सहजासहजी उडत नाही. लांबच्या जलवाहिन्यांत टिकून राहावे म्हणूनच ते वापरतात. चाचणीपट्टीवर मुक्त क्लोरीन नगण्य आणि एकूण क्लोरीन बरेच दिसले, तर पाण्यात क्लोरामाइन आहे असे समजावे.

कंडिशनर, म्हणजे पाण्यातले क्लोरीन निष्प्रभ करणारे औषध, निवडताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. सोडियम थायोसल्फेट क्लोरीनचे निरुपद्रवी क्लोराइड करते, पण क्लोरामाइन फोडल्यावर सुटणारा अमोनिया तसाच पाण्यात राहतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तर पीएच ८ झाल्यावर तेच प्रमाण पाच टक्क्यांवर जाते. म्हणून क्लोरामाइन असलेल्या पाण्यासाठी अमोनियाही बांधून ठेवणारे कंडिशनरच घ्यावे.

मात्रा अंदाजाने ओतू नये. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला १००० ने भागले की लिटर मिळतात. ६० बाय ३० ची टाकी ३२ सेंटिमीटरपर्यंत भरलेली असेल, तर ५७.६ लिटर, आणि वाळू-दगडांमुळे प्रत्यक्षात त्याहून थोडे कमी. बादलीत पाणी तयार करणार असाल, तर मात्रा बादलीपुरती. नळी थेट टाकीत सोडणार असाल, तर आधी कंडिशनर घालावे आणि तेही संपूर्ण टाकीच्या हिशेबाने.

तापमान हात बुडवून ठरवण्याची सवय मोडावी. थर्मामीटरने पाहून टाकीच्या पाण्याशी एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक राहू देऊ नये. थंड पाणी थेट नळातून भरल्यावर काचेवर आणि कधी माशांच्या परांवरही बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. दाबाखाली पाण्यात जास्त विरघळलेला वायू बाहेर पडत असल्याची ती खूण असून, असे पाणी आधी बादलीत ढवळून घ्यावे. पीएचही भरल्याबरोबर न मोजता दिवसभराने मोजावा, कारण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर तो बदलतो. आरओचे पाणी क्लोरीनमुक्त असले तरी त्यात क्षार फारच कमी असल्याने ते एकटे वापरू नये.

एका वेळी पंचवीस टक्क्यांच्या आसपासच पाणी बदलावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धरता टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळावा. पाणी बदलल्यावर मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तर लगेच हवा वाढवावी आणि क्लोरीन व अमोनिया दोन्ही तपासावेत.