आभाळ फिरलं तर हँग ग्लायडिंगच्या स्पर्धेत कसं उडायचं?

आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की पुढचा महिनाभर घरात प्रत्येकाच्या मोबाइलवर हवामानाची तीन-तीन ॲप असतात आणि तिन्ही वेगळं सांगतात. पावसानंतर डाऊनीची (वेलीवरच्या बुरशीची) फवारणी एक दिवस चुकली तरी वर्षाचं गणित बिघडतं. हँग ग्लायडिंगच्या, म्हणजे तिकोनी पंखाखाली लटकून इंजिनाशिवाय उडायच्या, स्पर्धेला पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडे भारी ग्लायडर नव्हता, उडायचे तासही फार नव्हते. दिवसातून वीस वेळा आभाळाकडे बघायची खोड तेवढी होती. त्या जोरावर जे जमलं आणि जे फसलं ते लिहितोय. ज्याला थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) टिकता येतं, क्रॉस कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचं उडणं, येतं आणि आता स्पर्धेत नंबर लावून उडायचंय, त्याच्यासाठी हे आहे. नवशिक्यानं आधी प्रशिक्षक गाठावा.

नाशिकच्या आकाशात मनाला येईल तिथं उडता येत नाही, हे आधीच सांगतो. ओझरचा विमानतळ, गांधीनगरचं लष्कराचं हेलिकॉप्टर केंद्र, देवळालीची तोफखान्याची रेंज, सगळं एकमेकांना खेटून आहे. अंजनेरीकडे बघून हात शिवशिवतात, पण परवानगीशिवाय नाही म्हणजे नाही. त्यामुळे उडायचा सराव मावळात कामशेतच्या बाजूला, आणि स्पर्धा बहुतेक परदेशात. पाच-सहा मीटर लांब गुंडाळी विमानात चढवायची म्हणजे काउंटरवर अर्धा तास वाद, म्हणून मी ग्लायडर तिथेच भाड्यानं घेतो. हवा वाचायचा सराव मात्र घरबसल्या होतो, आणि तो फुकट आहे.

जानेवारीत निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात पारा पाच-सहाच्या खाली उतरला की मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. पहाटे तो धूर बघावा. सरळ वर जातो, नारळाच्या दुप्पट उंचीला पोचतो आणि तिथं वरून कुणी परात पालथी घातल्यासारखा आडवा होऊन शिवारभर पसरतो. खाली गार हवा, वर उबदार हवा, म्हणून धूर अडतो. यालाच इन्व्हर्जन म्हणतात. ऊन चढलं की त्या धुराला भोकं पडायला लागतात आणि कुठेतरी एक दोरा सुटल्यासारखा वर निघतो. ती वेळ मी वहीत लिहितो. स्पर्धेच्या गावीही हेच करा. तीन-चार दिवस आधी जा, सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर उभे राहा, चिमण्यांचा धूर आणि दरीतलं धुकं कुठल्या उंचीला अडतंय आणि किती वाजता फुटतंय ते लिहा. काल साडेदहाला फुटलं आणि आज साडेनवालाच फुटलं, तर दिवस लवकर सुरू होईल, आणि दमट हवा असेल तर लवकर बिघडेलही.

दमट आहे की नाही हे मोजायला एकच वजाबाकी लागते. हवेचं तापमान वजा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं), गुणिले १२५. उत्तर येतं ते ढगाच्या तळाची जमिनीपासूनची उंची, मीटरमध्ये, ढोबळमानानं. आमच्याकडे एप्रिलच्या कोरड्या दुपारी ३८ आणि १४ असले तर फरक २४, म्हणजे तळ ३००० मीटरवर. जूनच्या तोंडाशी ३३ आणि २३ झाले की तोच तळ १२५० वर येतो. तळ खाली आला, हवेत पाणी वाढलं, की ढगाला कापसाचा गोळा ते गडगडाट हा प्रवास करायला तासभरही पुरतो. म्हणून सकाळी एकदा आकडा काढून भागत नाही. ब्रीफिंगच्या (आयोजकांच्या सकाळच्या बैठकीच्या) वेळी आणि ग्लायडर जोडून झाल्यावर पुन्हा काढा. दुपारकडे दवबिंदू सहसा थोडा उतरतो. तो चढत असेल तर कान टवकारा.

फुग्यानं मोजलेल्या वरच्या हवेचा आलेखही बघा, पण फुगा कुठून सोडलाय ते आधी विचारा. मुंबईचा फुगा पहाटे साडेपाचला समुद्राकाठी सुटतो. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर, घाटाच्या अलीकडे. त्या आलेखातली खालची सहाशे मीटर हवा आमच्याकडे नसतेच. परदेशातही डोंगरातल्या स्पर्धेसाठी मैदानातला आलेख दाखवतात आणि पोरं माना डोलावतात.

आणि सकाळी आठ-नऊला मधल्या उंचीवर किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखे दातेरी ढग दिसले, तर दुपारी गडगडाट धरूनच चाला. बाकी ॲप काहीही म्हणोत.

आता गुणांचं. हे बहुतेक जण वाचत नाहीत आणि मग वादळाच्या तोंडाशी जाऊन शौर्य दाखवतात. हँग ग्लायडिंगच्या मोठ्या स्पर्धांत ‘गॅप’ पद्धत वापरतात. गेरोल्फ, आंजेलो आणि पॉल या तिघांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलं. यात प्रत्येक दिवसाचे सरसकट १००० गुण नसतात. दिवसाची किंमत तीन गोष्टींवरून ठरते: किती जण उडाले, किती लांब गेले, आणि जिंकणाऱ्याला किती वेळ लागला. हवा खराब, निम्मे लोक विसाव्या किलोमीटरला खाली, तर दिवसाची किंमत ०.३ पर्यंतही घसरते आणि पहिल्या येणाऱ्यालाही तीनशेच्या आसपासच मिळतात. उड्डाणाचा हिशेब तर मुद्दामच असा ठेवलाय: हवा बघून बरेच जण उडायचे थांबले तर दिवसाचं वजन आपोआप कमी होतं, म्हणजे थांबणाऱ्याचं फार नुकसान होऊ नये. यासाठीचा नेहमीचा आकडा ९६ टक्के. तेवढे लोक उडाले तर दिवसाला पूर्ण किंमत, त्याखाली घसरण.

याचा अर्थ सरळ आहे. बिघडलेल्या दिवशी जीव टाकून मिळणारे गुण किरकोळ असतात, आणि चांगल्या दिवशी हॉस्पिटलात असलात तर पूर्ण हजार जातात. आठवडाभराच्या स्पर्धेत दोन-तीनच दिवस खरे किमतीचे असतात. त्या दिवशी ग्लायडर आणि मनगटं शाबूत पाहिजेत.

म्हणून मर्यादा जमिनीवर, डोकं थंड असताना ठरवा. मी बेसबारवर (हातात धरायच्या आडव्या दांडीवर) पांढरी चिकटपट्टी लावतो आणि मार्करनं तीन ओळी लिहितो. ढग रुंदीपेक्षा उंच दिसला, तळाशी जायचं नाही. जमिनीला टेकलेला पाऊस वीस किलोमीटरच्या आत, मार्ग सोडायचा. खाली धूळ एकाच दिशेनं धावतेय, शेत आत्ताच निवडायचं. वर पंधराशे मीटरवर, पुढं चार जण चढताना दिसत असताना, माणूस स्वतःशी फार गोड बोलतो. पट्टीवरचं अक्षर बोलत बसत नाही.

रेडिओवर हवेची पातळी सांगायची पद्धत आहे: एक म्हणजे ठीक, दोन म्हणजे जोरदार पण सांभाळण्यासारखी, तीन म्हणजे असुरक्षित. आपल्या लोकांना तीन म्हणायची लाज वाटते, मीही त्यातलाच होतो. तुमचा आवाज ऐकून मागचे चाळीस जण वेळेत वळू शकतात.

उड्डाणाच्या जागेवर ग्लायडर लवकर जोडा, पण उघडा सोडून सावलीत गप्पा मारायला जाऊ नका. उन्हाळी दुपारी वावटळ सांगून येत नाही; शेजाऱ्याचा ग्लायडर उडून तुमच्यावर पडतो. हार्नेस आणि अडकवणी दोघांनी तपासायची, रांगेत ढकलाढकली असली तरी. अस्थिर दिवशी मी रांगेत पुढचा नंबर घेतो आणि पहिल्या किंवा दुसऱ्या स्टार्ट गेटला (सुटायच्या ठरलेल्या वेळेला) निघतो. मागं थांबून इतरांच्या पाठीवर स्वार व्हायची युक्ती स्थिर दिवसाची आहे. बिघडणाऱ्या दिवशी शेवटच्या गेटचा माणूस बहुधा ढगाच्या सावलीत सापडतो, आणि पुढं राहणाऱ्याला आघाडीचे गुण मिळतात ते वेगळेच.

हवेत गेल्यावर वेग बदलत राहणं हेच काम. पुढं ऊन आणि फुलणारे ढग असतील तर बार ओढून, म्हणजे वेग वाढवून, पळा, दुबळ्या थर्मलला थांबू नका. पुढं जमिनीवर मोठी सावली दिसली की लगेच गिअर खाली: हातात आहे तो सेकंदाला अर्धा मीटरचा लिफ्टही (वर नेणारी हवाही) सोडू नका, उंची साठवा, सावली सरकायची वाट बघा. हे बदलायला उशीर होतो, कारण मागच्या तीन थर्मलनी आपल्याला शेफारून ठेवलेलं असतं. मी दर दहा मिनिटांनी मुद्दाम मागं वळून बघतो. वादळ नेहमी गोलच्याच (शेवट गाठायच्या जागेच्या) दिशेला उठत नाही, आणि हेल्मेट घातलेल्या माणसाला पाठीमागचं काही कळत नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, कधी विमानातही बसलेले नाहीत. वळवाच्या दिवसांत काढणी चालू असताना ते सांगायचे, ‘वारा पडला अन् पाखरं गप झाली, की कॅरेट उचला.’ यातलं शास्त्र असं की पाऊस पडताना ढगाखालची हवा गार आणि जड होते, जमिनीवर आदळते आणि चारी बाजूंना पसरते. ढग पंधरा-वीस किलोमीटर लांब असतानाच हे वारं येऊन धडकतं. हँग ग्लायडरचा कमीत कमी वेग ताशी तीसेक किलोमीटर. साठच्या झोताशी जमिनीलगत झुंजायची ही चीज नाही. तेव्हा अचानक शांत वाटलं, लिफ्ट सगळीकडेच गुळगुळीत लागायला लागला, बार ओढूनही खाली येता येईना, तर खूश होऊ नका. ढग तुम्हाला ओढून घेतोय. ढगात शिरायला स्पर्धेत बंदी आहे ती उगाच नाही. सुरुवातीपासून ढगाच्या उन्हाकडच्या कडेला राहिलात तर बाहेर पडायला वाट असते. वादळापासून पळायचं ते त्याच्या वाटेच्या आडव्या दिशेला. त्याच्या पुढं पुढं पळालात तर तेच वारं तुम्हाला उतरताना गाठतं.

माझं फसलं ते असं. युरोपातली एक स्पर्धा, तिसरा दिवस. दीडेक तास उडून झालं होतं, गोल वीस-बावीस किलोमीटर राहिला होता, उजवीकडं ढगाचा पाय काळा पडत चालला होता. व्हॅरिओची (चढ-उतार सांगणाऱ्या यंत्राची) पिपाणी नीट ऐकू यावी म्हणून मी रेडिओचा आवाज कमी केला होता. त्याच वेळी आयोजकांनी दिवस थांबवल्याची घोषणा केली. मला ती ऐकूच आली नाही. पट्टीवरची दुसरी ओळ डोळ्यांसमोर होती, तरी ‘एवढी सर ओलांडली की झालं’ म्हणत मी सहा किलोमीटर रिमझिमीतून काढले. पंखाच्या पुढच्या कडेवर पाण्याचे थेंब उभे राहिले होते, मोत्यासारखे, मला तर ते छानच दिसत होते. ओल्या पंखाचा स्टॉल (उचल अचानक सुटणं) लवकर होतो, म्हणजे उतरताना नेहमीपेक्षा जास्त वेग ठेवावा लागतो. मी नेहमीच्याच वेगानं आलो. खांद्याइतक्या उंचीवरून पंखानं हात सोडला, नाक आपटलं, डावा अपराइट (बेसबारला जोडलेला उभा दांडा) काकडीसारखा मोडला. मनगट वाचलं ते नशीब. ग्लायडर भाड्याचा, नवा अपराइट माझ्या खिशातून.

संध्याकाळी गुण लागले. दिवस थांबवला की घोषणेच्या क्षणाची जागा धरत नाहीत. त्याच्या ठरावीक मिनिटं आधीची धरतात. माझे ते सहा किलोमीटर हिशेबात आलेच नाहीत. वर अजून एक गंमत. थांबवलेल्या दिवशी हवेत असलेल्याची गोलपेक्षा जास्तीची उंचीही अंतरात मोजतात, एका मीटर उंचीला पाच मीटर अंतर. माझ्यामागं तीन किलोमीटर असलेला एक शांत गडी माझ्यापेक्षा हजार मीटर वर होता. त्याला त्याचे पाच किलोमीटर मिळाले आणि तो माझ्या पुढं गेला. घोषणा झाल्या झाल्या तो उन्हाकडे वळून कोरड्या शेतात उतरला होता. तेव्हापासून थांबवण्याची शक्यता दिसली की मी उंच राहतो आणि रेडिओ व्हॅरिओपेक्षा मोठा ठेवतो.

उतरताना वाऱ्याची दिशा शेवटपर्यंत तपासा. वादळी दिवशी ती पाच मिनिटांत उलटते. धूर, झाडांच्या पानांची उलटी बाजू, तळ्याचं पाणी: ज्या काठाला पाणी गुळगुळीत, वारं तिकडून येतंय. गंगापूर धरणावर गाडी थांबवून हे चिक्कार बघता येतं. विजेच्या तारा दिसत नाहीत, खांब दिसतात, तेव्हा दोन खांबांच्या मध्ये तार आहेच असं समजा. पाय टेकले की आधी स्वतःला ग्लायडरपासून सोडवा, बेसबारची जोडणी सोडवून पंख जमिनीला सपाट झोपवा, मग सुखरूप असल्याचा निरोप पाठवा, मग फोटो. निरोप आला नाही तर शोध घेणारे त्याच हवेत बाहेर पडतात.

भिजलेला ग्लायडर रात्रभर गुंडाळून ठेवू नका. खोलीत मावत नाही, यजमान कुरकुरतात, तरी व्हरांड्यात, पडवीत, कुठंही अर्धा उघडून कापड वाळवा आणि पंखाला आकार देणाऱ्या काड्या पुसून ठेवा. नाहीतर बुरशी धरते. डाऊनीशी आयुष्यभर भांडणाऱ्या माणसानं हे सांगावं लागू नये, पण पावसाळ्यात सरावाहून आल्यावर मी एकदा तसाच बांधून ठेवला होता. आठवड्यानं पॅकिंग शेडमध्ये उघडला तेव्हा आबांनी वास घेतला, कापडावरचे काळे ठिपके बोटानं पुसून बघितले आणि विचारलं, ‘यावर काय फवारायचं?’