नडगीचं दुखणं गेलं, सीझन वाचला (माझा अनुभव)

आपल्या नागपुरात पळण्याच्या रेसचा खरा सीझन म्हणजे हिवाळा, म्हणून पाऊस सरता सरता मी जोशात आठवड्याचे 20 किमी थेट 38 वर नेले, तेही सगळे घराजवळच्या सिमेंट रोडवर. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही नडग्या आतल्या बाजूने ठणकायला लागल्या, सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की कळ यायची. हाफ मॅरेथॉनची एन्ट्री भरून झालेली, रडूच आलं.

फिजिओने अंगठ्याने हाड वरून खाली दाबत पाहिलं, म्हणाली वीतभर पट्टा दुखतोय म्हणजे शिन स्प्लिंट (जास्त पळण्याने नडगीच्या हाडालगतचा भाग दुखावणं) वाटतंय, एकाच ठिकाणी टोचल्यासारखं दुखलं असतं तर स्ट्रेस फ्रॅक्चरसाठी (हाडाला पडलेली बारीक चीर) तपासावं लागलं असतं. हे लक्षात ठेवा भाऊ, फार कामाचं आहे.

मग 10 दिवस पळणं बंद, नुसती सायकल. रोज जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा हळूहळू खाली सोडायच्या, 15 चे 3 सेट, आधी गुडघे सरळ, मग थोडे वाकवून. परत सुरुवात केली सेमिनरी हिल्सच्या मातीच्या वाटेवर, 2 मिनिटं पळणं 1 मिनिट चालणं. आणि पावलं छोटी केली, मिनिटाला 158 पडायची ती 168 वर आणली, मला सगळ्यात जास्त फरक यानेच पडला कारण पाय लांब पुढे आपटणं थांबलं.

परवा फुटाळा, अंबाझरी हे दोन्ही तलाव धरून 12 किमी झाले. सकाळी उठल्या उठल्या नडगी दाबून पाहिली, काहीच दुखलं नाही!