बेळगावात घर घ्यायचं किंवा विकायचं असेल तर: बोलणी मराठीत, कागद कन्नडमध्ये

अनगोळच्या आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी घर बायकोच्या नावावर घ्यायचं ठरवलं. चांगलीच गोष्ट. कारण विचारलं तर म्हणाले, "बाईमाणसाच्या नावावर घेतलं की स्टॅम्प ड्युटी एक टक्का कमी लागते की. मोबाइलवर बघितलंय मी." बघितलं होतं ते खरंच, पण ते महाराष्ट्राचं होतं. कर्नाटकात अशी सवलत नाही. चाळीस लाखांच्या घरावर वाचणारे चाळीस हजार त्यांनी मनातल्या मनात पडद्यांना आणि कपाटांना लावूनसुद्धा टाकले होते.

सीमाभागातल्या मराठी माणसाची अडचण ही अशी आहे. घराबद्दल मराठीत जे वाचायला-ऐकायला मिळतं ते पुण्या-कोल्हापूरचं: सात-बारा, इंडेक्स टू, रेडी रेकनर. आपला व्यवहार मात्र ई.सी. (मालमत्तेवरचे व्यवहार आणि बोजे दाखवणारं प्रमाणपत्र), खाता (पालिकेकडची मालमत्तेची कर-नोंद) आणि गायडन्स व्हॅल्यू (सरकारने ठरवलेला किमान दर) यांवर चालतो. शिवाय कागद कन्नडमध्ये. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घर घेताना किंवा विकताना मी ज्या क्रमाने जाईन, तो क्रम इथे देतो.

आधी जागा कुणाच्या हद्दीत आहे ते बघा

दर विचारायच्या आधी हे विचारा, कारण कोणते कागद मागायचे ते यावर ठरतं.

शहापूर, टिळकवाडी किंवा जुन्या गावातल्या गल्ल्यांमध्ये घर असेल तर सी.टी.एस., म्हणजे सिटी सर्वेचा, नंबर असतो. सिटी सर्वे ऑफिसचा उतारा आणि महापालिकेचा ई-खाता, दोन्ही हवेत, आणि दोन्हींवर नाव व क्षेत्रफळ जुळायला हवं. जुन्या घरांमध्ये ते हमखास जुळत नाही. सिटी सर्वेला अजून पणजोबा असतात आणि घरपट्टी काकांच्या नावावर येत असते.

रामतीर्थनगरसारख्या बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) वसाहतीत बघत असाल तर मूळ वाटपपत्र मागा. अशा जागा बहुधा आधी लीज-कम-सेल करारावर, म्हणजे आधी भाडेपट्ट्याने आणि मग विक्री अशा बोलीवर, दिल्या जातात. त्यानंतरचं अंतिम खरेदीखत झालं आहे की नाही, एवढाच प्रश्न, पण तो विचारायला लोक विसरतात.

हिंडलगा, येळ्ळूर अशा गावांत ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तू, म्हणजे मालमत्तेचा संगणकावरचा, उतारा लागतो. नमुना ९ आणि ११ अ असेल तर बरं. ११ ब दिसला तर थांबा आणि वकिलाला दाखवा. तो रीतसर मंजुरी नसलेल्या मालमत्तेला मिळतो. शहरातल्या 'ब खात्या'चंही तसंच. 'ब खाता' म्हणजे कर भरून घेतला जातो, पण त्यामुळे बांधकाम आपोआप कायदेशीर होत नाही.

कॅम्पमधला बंगला आवडला असेल तर तो विषय वेगळा. तिथल्या कित्येक जागा ओल्ड ग्रँटच्या आहेत, म्हणजे इमारत मालकाची आणि जमीन संरक्षण खात्याची. कॅन्टोन्मेंटचे कागद हाताळलेला वकील मिळाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

राहिली 'बॉण्डवरची' जागा. शेताचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडायचे, स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं, वर मुखत्यारपत्र जोडायचं, ही पद्धत आपल्याकडे फार चालली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे की मुखत्यारपत्रावरच्या अशा विक्रीने मालकी येत नाही. स्वस्त मिळते हे खरं. पण ती विकायला जाल तेव्हा तुम्हालाही स्वस्तातच विकावी लागेल, आणि बँक कर्ज देणार नाही. माझं मत विचाराल तर घेऊ नका.

कन्नड कागद वाचून घ्या, ऐकून नव्हे

एजंट म्हणतो, "सगळं क्लिअर हाय, वकिलांनी बघितलंय." कुणाच्या वकिलांनी? बहुतेक वेळा विकणाऱ्याच्याच.

तुम्ही स्वतःचा वकील लावा. शिवाय, हे माझं जरा जुन्या वळणाचं मत, कन्नड वाचणारा घरचा किंवा शेजारचा एक माणूस घेऊन कागद एकदा मोठ्याने वाचून घ्या. आपली मुलं शाळेत कन्नड शिकतात, नववीतल्या पोरालाही हे जमतं. ऐकताना लक्षात येईल की बरेच शब्द ओळखीचेच आहेत. 'क्रयपत्र' म्हणजे खरेदीखत, 'विस्तीर्ण' म्हणजे क्षेत्रफळ, 'निवेशन' म्हणजे प्लॉट, 'स्वाधीन' म्हणजे ताबा, 'दानपत्र' तर आपलंच. 'हक्कु बिडुगडे' म्हणजे हक्कसोड, आणि 'ऋणभार' प्रमाणपत्र म्हणजे तीच आपली ई.सी. चतुःसीमेला 'चक्कबंदी' म्हणतात. त्या चार ओळी जागेवर उभं राहून वाचा. पूर्वेला रस्ता लिहिला असेल तर पूर्वेला रस्ताच दिसला पाहिजे, कुणाचा गोठा नव्हे. आकडे कन्नड अंकांत असतील तर सहा आणि नऊ दोनदा विचारा. आमच्या एका पुतण्याने सहाशे चौरस फूट नऊशे वाचले होते आणि अर्धा दिवस घरात आनंद होता.

ई.सी. कर्नाटक नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून घरबसल्या काढता येते. साधारण २००४ नंतरच्या नोंदी संगणकावर मिळतात, त्याआधीच्या उपनिबंधक कार्यालयातून मागाव्या लागतात. वकील ३० वर्षांची मागतात, तेवढी द्या. नमुना १५ मध्ये झालेले व्यवहार आणि बोजे दिसतात. काहीच नोंद नसेल तर नमुना १६ येतो. पण एक लक्षात ठेवा: ई.सी.मध्ये फक्त नोंदणीकृत व्यवहार येतात. तोंडी वाटणी, न नोंदवलेला करार, कोर्टात चालू असलेला दावा त्यात दिसेलच असं नाही. त्यासाठी गल्लीत चौकशी करावी. पानपट्टीवाल्याला सगळं ठाऊक असतं.

मोकळी जागा किंवा नवीन प्लॉट असेल तर शेतजमिनीची आर.टी.सी., म्हणजे आपला उतारा, बघा. रकाना ९ मध्ये मालक आणि रकाना ११ मध्ये बोजा व इतर हक्क असतात. सोसायटीचं पीककर्ज तिथेच लपलेलं असतं. जमीन बिगरशेती झाल्याचा आदेश स्वतंत्र मागा. जमीन सरकारने अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली असेल, तर १९७८ च्या कायद्याप्रमाणे सरकारच्या परवानगीशिवाय झालेली विक्री पुढे रद्द होऊ शकते. आणि नवीन अपार्टमेंट असेल तर रेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी क्रमांक बघा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर आठपेक्षा जास्त फ्लॅट असले की नोंदणी लागतेच.

वारस: व्यवहार इथेच अडतो

शहापुरातलं आमच्या आजोबांचं घर विकायला काढलं तेव्हा बाबा आणि काका दोघांची संमती होती, दर ठरला होता, घेणाऱ्याचं कर्जही मंजूर होत आलं होतं. त्यांच्या वकिलाने वंशवृक्ष मागितला. नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) तो आणला आणि त्यात आत्याचं नाव आलं. ती गडहिंग्लजला दिलेली, चाळीस वर्षं झाली. तिचा वाटा असेल हे घरात कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

कायदा साधा आहे. घर आजोबांनी स्वतः कमावलेलं, मृत्युपत्र न करता गेले, म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगे आणि मुली सगळ्यांना सारखा वाटा. वडिलोपार्जित मालमत्तेत तोवर लग्न न झालेल्या मुलींना कर्नाटकाने १९९४ मध्येच हक्क दिला, सगळ्या मुलींना देशभर तो २००५ मध्ये आला. 'लग्नात दिलं-घेतलं' हा युक्तिवाद उपनिबंधकापुढे चालत नाही.

बाबा कुंदा घेऊन गडहिंग्लजला गेले. आत्याने वाटा मागितला नाही, पण तिला वाईट वाटलं होतं. "मला वकिलाचा कागद आल्यावर कळायचं होतं काय?" सहीला आली त्या दिवशी आधी घरी गेली, मागच्या विहिरीत डोकावली, मग ऑफिसला आली आणि मराठीत सही केली. या सगळ्यात चार महिने गेले. घेणारा थांबला हे आमचं नशीब.

म्हणून विकणाऱ्याने पहिलं काम हे करावं: पाटी लावायच्या आधी वंशवृक्ष काढावा, बहिणींना आणि आत्यांना स्वतः जाऊन सांगावं. वाटा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. जवळच्या कुटुंबात त्याला टक्केवारीने ड्युटी लागत नाही, ठरावीक शुल्क लागतं. आपल्या लेकी कोल्हापूर, चंदगड, गोव्यात दिलेल्या असतात. ज्यांना येणं जमत नाही त्यांनी मुखत्यारपत्र करावं, पण ते त्या जिथे राहतात तिथल्या उपनिबंधकासमोर. नोटरीच्या शिक्क्यावर नोंदणीचं काम भागत नाही.

संचकार देताना

कागद बघून झाल्यावरच संचकार, म्हणजे विसार, उलट नव्हे. रक्कम दरावर आणि ओळखीवर ठरते, त्याला नियम नाही. करारात मुदत, उरलेली रक्कम कधी, कागदात खोट निघाली तर पैसे किती दिवसांत परत आणि बोजा कोण फेडणार, एवढं लिहून घ्या. करारातच ताबा दिल्याचं लिहिलं तर ड्युटी खरेदीखताइतकीच पूर्ण लागते.

रोखीचं काय? "निम्मे व्हाईट, निम्मे कॅश" ही बोली अजून ऐकू येते. घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला. चेक, आर.टी.जी.एस., आणि खतात त्यांचे नंबर.

घर जुलैमध्ये बघा

एप्रिलमध्ये बेळगावचं प्रत्येक घर चांगलं दिसतं. एकदा धो-धो पावसात जा. कौलारू घर असेल तर माळ्यावर चढा, वाशांना हात लावून बघा. स्लॅब असेल तर कोपऱ्यांतली बुरशी बघा, नुकताच रंग दिलेली भिंत जास्तच बारकाईने बघा. शहापूर, वडगाव, खासबागच्या बाजूला बळ्ळारी नाल्याचं पाणी २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुठपर्यंत आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा. भिंतीवर हात ठेवून दाखवतात. पिण्याचं पाणी किती दिवसांनी येतं आणि विहिरीला मेमध्ये पाणी असतं का, हेही त्यांनाच विचारा.

खर्च आणि नोंदणी

शहरातलं जुनं घर, किंमत चाळीस लाख धरू. स्टॅम्प ड्युटी ५ टक्के, म्हणजे २,००,०००. ड्युटीवर १० टक्के सेस २०,००० आणि २ टक्के अधिभार ४,०००. नोंदणी शुल्क ऑगस्ट २०२५ अखेरीस १ वरून २ टक्के झालं, ते ८०,०००. एकूण ३,०४,०००. ग्रामीण भागात अधिभार ३ टक्के. महाराष्ट्रात नोंदणी शुल्काला ३०,००० ची कमाल मर्यादा आहे, इथे तशी नाही. तिकडच्या हिशेबाने पैसे बाजूला ठेवलेत तर इथेच पन्नास हजार कमी पडतील. बिल्डरकडून पहिल्यांदाच विकला जाणारा ४५ लाखांपर्यंतचा फ्लॅट असेल तर ड्युटी कमी दराने लागते. ठरलेला दर आणि गायडन्स व्हॅल्यू यांत जे जास्त त्यावर आकारणी होते, तेव्हा ती व्हॅल्यू आधीच पोर्टलवर बघून ठेवा. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टी.डी.एस. कापून भरायचा.

खताचा मसुदा आधी कावेरीवर चढवला जातो, कार्यालय तो तपासतं, मग ऑनलाइन पैसे आणि वेळ मिळते. मसुदा चढवायच्या आधी एकदा, आणि सही करायच्या आधी पुन्हा एकदा वाचून घ्या. नावाच्या स्पेलिंगमध्ये 'पाटील'चं भलतंच काही झालं तर चूक-दुरुस्तीपत्रासाठी सगळ्यांना परत गोळा करावं लागतं, गडहिंग्लजच्या आत्यासकट.

विकणाऱ्याचा टॅक्स थोडक्यात: घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ असेल तर दीर्घकालीन नफा. २३ जुलै २०२४ च्या आधी मिळालेल्या घराला इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता) १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २०, जे कमी ते. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर सूट मिळते. वारसांनी विकलं तर हिशेब ज्याचा त्याचा वेगळा.

चावी मिळाल्यावर

खाताबदल, सिटी सर्वेची नोंद, हेस्कॉमचं विजेचं मीटर, पाण्याचं कनेक्शन. चारही अर्ज एकाच आठवड्यात टाका, नाहीतर पुढची दहा वर्षं बिल जुन्या मालकाच्या नावाने येत राहतं.

आमच्या पेटीत पणजोबांच्या वेळचं मोडीतलं एक खत आहे. आजोबांना ते वाचता येत होतं, बाबांना नाही. आता माझ्या घराचं खत कन्नडमध्ये आहे, आणि मुलगी पुण्याला असते. मी त्याचं मराठी भाषांतर करून घेतलं, चतुःसीमा, नंबर, क्षेत्रफळ सगळं, खाली तारीख टाकली, आणि मूळ खताबरोबर त्याच पिशवीत ठेवलं आहे.